स्वमग्न प्रौढ, संभाषण आणि ताण

'ऑटिझम' ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविली. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ती बालकांमधील एका स्वतंत्र अवस्थेस लावली आणि पुढे मराठीत 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द श्रुतिमधुर खरा. परंतु अशी व्यक्ती स्वतःतच बुडालेली असते, असा निवाडाही त्यात दडलेला आहे. प्रौढांचे अनुभवकथन पाहता वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट दिसते. इतरांकडे सतत लक्ष ठेवावे लागणे, हेच त्यांच्या शिणाचे एक मोठे कारण असते.

कचेरीत सहकारी विचारतो, "काय, जेवण झालं का?" ही चौकशी नव्हे, हा नमस्कारच. केवळ संबंध राखण्यासाठी होणाऱ्या अशा बोलण्याकडे मॅलिनोव्हस्की यांनी १९२३ मध्येच लक्ष वेधले होते. इतरांना जे अनायासे साधते, ते अनेक स्वमग्न प्रौढांना जाणीवपूर्वक करावे लागते. प्रश्न खरा की उपचाराचा, नजर किती वेळ भिडवावी, आपली बोलण्याची पाळी केव्हा येते, असा हिशेब मनात चालू असतो आणि त्याच वेळी पंख्याची घरघर व दिव्याचा प्रखर प्रकाशही सोसावा लागतो. वरकरणी मात्र काहीच दिसू द्यायचे नसते. या मुखवट्यामुळे थकवा येतो आणि आपण खरे कोण याविषयी संभ्रम वाटतो, असे लॉरा हल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात अनेकांनी सांगितले. हा ताण दीर्घकाळ साचला की अवगत कौशल्येही हातची निसटू लागतात.

हा दोष एकट्या स्वमग्न व्यक्तीचा मानावा काय? स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये प्रतिपादिले, की न समजणे हे दुतर्फा असते. कॅथरीन क्रॉम्प्टन यांच्या २०२० मधील प्रयोगात एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून तोंडोतोंडी पुढे गेली. निव्वळ स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत मात्र अधिक गळाली. २०२५ मधील अधिक मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतही अशी गळती आढळली नाही. तेव्हा मिल्टन यांचा सिद्धांत यापुढे अधिक सावधपणे मांडावा लागेल. स्वमग्नांना संवाद साधतच नाही, हा जुना समज मात्र दोन्ही प्रयोगांपुढे टिकत नाही.

'रिझिलियन्स' या संज्ञेस 'सहनशक्ती' हा प्रतिशब्द योजणे या संदर्भात घातक ठरते. मुखवटा उत्तम वठविणारा वरून सर्वांत सहनशील दिसतो, आणि आतून पुष्कळदा तोच अधिक खचलेला असतो. मुखवट्याची गरज कमी होणे, हाच खरा आधार. सभेनंतर काही काळ एकांत, कर्कश आवाज रोखणारी कर्णटोपी, हात हलविणे किंवा झुलणे यांसारख्या स्वाभाविक हालचाली दडपून न टाकणे, ज्यांच्यापुढे अभिनय करावा लागत नाही अशांचा सहवास, हे उपाय साधे दिसतात. पण त्यांना सभोवतालच्यांची संमती लागते. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश असून वाजवी सोयीसवलतींचे तत्त्वही त्यात मान्य झाले आहे. विद्यापीठीय विभागात त्याचा आरंभ अगदी लहान गोष्टीपासून करता येईल: "प्रबंधाचं जरा बघा" असे मोघम न सांगता कोणते प्रकरण, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात हवे, ते मार्गदर्शकाने लिहून द्यावे.