उलटं श्रुतलेखन

"डॉक्टर, याचे डोळे बघा. फळ्यावरचं उतरवूनच घेत नाही," असं म्हणत एक आई चौथीतल्या मुलाला ओपीडीत घेऊन आली. डोळे चांगले होते, कानही. शेळीनं वही कशी खाल्ली हे त्यानं मला हातवारे करून रंगवून सांगितलं. त्यातलं एकच वाक्य लिही म्हटल्यावर मात्र पेन्सिल अडली.

असं मूल आळशी नसतं. ध्वनी ओळखणं, त्याचं अक्षर आठवणं, वळण काढणं, काना-मात्रा लावणं हे सगळं एकदम करताना डोक्यातली गोष्ट निसटून जाते. अशा वेळी श्रुतलेखन उलटं करून पाहावं. मुलानं सांगायचं, संगणकानं लिहायचं. मोबाईलवर गुगलच्या कीबोर्डमध्ये २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येतं. कीबोर्डची भाषा मराठी करून माईकचं चिन्ह दाबलं की झालं.

त्या मुलाचं पहिलंच वाक्य पडद्यावर उमटलं, 'शाळेनं माझी वही खाल्ली.' त्यानं बोट ठेवून वाचलं, थबकला आणि खो खो हसला. मग 'शाळे'चा काना पुसून मात्रा पुढं आणायची खटपट सुरू झाली. उपचार म्हणाल तर तो इथे आहे. यंत्राच्या चुकीसाठी त्याला स्वतःचंच वाक्य अक्षर न् अक्षर वाचावं लागलं. मोठ्यांनी घाईनं चूक दुरुस्त करून दिली, तर सगळं मुसळ केरात.

रोज दहा मिनिटं पुरे. दोन-तीन वाक्यं सांगायची, बोट ठेवून वाचायची, दुरुस्त करायची आणि शेवटी वहीत हातानं उतरवायची. ही शेवटची पायरी गाळू नये. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स यांनी अक्षरओळख नसलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हातानं अक्षर काढलेल्या मुलांच्या मेंदूत नंतर ते अक्षर पाहताना वाचनाशी संबंधित भाग जागे झाले. कळ दाबून अक्षर उमटवणाऱ्यांत तसं दिसलं नाही. मुळाक्षरंच येत नसतील तर आधी ती शिकवावीत, माईक नंतर.

यंत्राला आपली बोली नेहमी कळत नाही. संभाजीनगरात मराठी शाळेत येणारी कितीतरी मुलं घरी दखनी किंवा गोरमाटी बोलतात, खेड्यातलं मूल 'व्हतं' म्हणतं. यंत्रानं भलतंच लिहिलं तर "तू चुकीचं बोललास" असं त्याला म्हणू नका. आणि 'शिर' की 'शीर' हे उच्चारावरून मलाही सांगता येणार नाही. एक डोकं, दुसरी रक्तवाहिनी!

काही महिने नेटानं करूनही वाचन-लेखन वयाच्या बरंच मागे राहिलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पालक बहुधा दहावीच्या तोंडावर धावत येतात. तिसरी-चौथीतच या.