परसदारची भाजी

घराच्या दर्शनी भागात गुलाब, मोगरा आणि क्रोटन यांची मांडणी करताना ज्यांच्या रसिकतेला भरते येते, त्याच गृहस्थांचे परसदार पाहावे तर तेथे फुटक्या कुंड्या, गंजलेले पत्रे आणि मुलांनी टाकून दिलेली सायकल यांचा निर्वेध अंमल चालू असतो. आणि या उपेक्षित जागेत भाजी लावण्याची कल्पना एकदा मनात आली, की हेच गृहस्थ मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर सबंध परस खणून काढतात, बाजारातून दहा तऱ्हांच्या बियाण्यांच्या पुड्या आणतात आणि त्या एकाच सकाळी मातीत पसरून मोकळे होतात. पुढचे सारे ठरलेले असते. महिन्याभरात लाल माठ एकदम काढणीला येतो, चार माणसांच्या घराला सकाळ-संध्याकाळ माठच खावा लागतो, उरलेला शेजारी वाटावा तर त्यांच्याही परसात तोच माठ उभा असतो, आणि जो उरतो तो जून होऊन तुऱ्यावर येतो. त्यानंतर त्या वाफ्यात लव्हाळ्यावाचून काही दिसत नाही.

यात दोष मातीचा नाही आणि बियाण्याचाही नाही. दोष आहे तो परसबागेला लहानसे शेत समजण्याच्या दृष्टीत. शेतकऱ्याला पीक एकदम हाती यावे लागते, कारण त्याला ते गाडीत भरून बाजारपेठेत न्यावयाचे असते. स्वयंपाकघराची मागणी याच्या अगदी विपरीत असते: रोज मूठभर कोथिंबीर, दोन दिवसांआड एखादी पालेभाजी आणि अवचित पाहुणा आला तर चार वांगी. म्हणून परसबागेचा आराखडा शेतावरून न घेता चुलीवरून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते. कोकणातल्या घरांच्या मागे न्हाणीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथेच अळू आणि केळी लावण्याची वहिवाट होती. ही दोन्ही झाडे सदैव ओलावा मागणारी, त्यामुळे त्यांना आठवणीने पाणी घालण्याची जबाबदारी कोणावरच पडत नसे, आणि फतफत्याची पाने दारातून चार पावलांवर मिळत. आजच्या साबणांचे आणि धुण्याच्या पावडरींचे पाणी मात्र पालेभाजीला घालू नये. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी निःशंकपणे घालावे. तात्पर्य एवढेच, की पहिला वाफा स्वयंपाकघराच्या दाराशी, येता-जाता दृष्टी पडेल असा करावा. कुंपणाच्या टोकाला केलेल्या बागेची निगराणी पहिला पंधरवडा उत्साहाने होते, पुढे ती देवाच्या हवाली जाते. जागेला दिवसातून सहा तास तरी ऊन हवे. पालेभाज्या चार तासांवरही भागवून घेतील, परंतु आंब्याच्या गर्द सावलीत वांगे धरेल ही आशा व्यर्थ होय.

वाफा दहा फूट लांब आणि फार तर साडेतीन फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि मातीत पाय घालून ती दडपावी लागत नाही. देशावरची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते व मुळे कुजवते, यास्तव तेथे वाफा अर्धा फूट उंच, गादीसारखा करावा. कोकणातल्या जांभ्यावर मातीचा थरच पातळ असल्याने बाहेरून माती आणि भरपूर खत आणण्याची तजवीज करावी लागते. खत पूर्ण कुजलेले असावे. ताज्या शेणाबरोबर हुमणीचा उपद्रव परसात शिरण्याची भीती असते. ज्यांच्या दारी गुरे नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे पालापाचोळा, शेण, राख व माती यांचे थर रचून ते वरचेवर उलटण्याची जी पद्धती सिद्ध केली, ती परसातल्या लहानशा ढिगालाही लागू पडते. आणि यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाकीची जी रीत रूढ केली, तिचा विशेष हाच, की थोड्या शेणात पुष्कळ पाचोळा मार्गी लागतो.

आता पेरणी. वाफ्याचे चार भाग करावे आणि दर आठ-दहा दिवसांनी एकेकच भाग पेरावा, हाच या विद्येचा गाभा होय. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर पहिल्या भागात मेथी पडली, तर चौथ्याची पाळी येईपर्यंत पहिला भाग खुडण्याजोगा होतो. धने पेरण्यापूर्वी रगडून त्यांच्या दोन फाकळ्या कराव्या, आणि आठवडाभर काही उगवले नाही म्हणून माती उकरून पाहू नये. कोथिंबीर सावकाश येते. वांग्यामिरचीची प्रत्येकी चार रोपे एका कुटुंबाला मुबलक होतात. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत फळू लागते, पण ती दिवसाआड तोडलीच पाहिजे, कारण चार शेंगा जरी झाडावर जून झाल्या तरी झाड आपली सारी शक्ती बियांकडे वळवते आणि नवी फुले धरण्याचे सोडते.

मांडव एकच करावा व त्यावर दोडका किंवा पडवळ चढवावे. पडवळाच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधण्याची रीत पाहून शहरातली मुले हसतात, परंतु त्यामुळेच ते सरळ लांबते. वेलाला आरंभी येणारी फुले भराभर गळतात, तेव्हा नवशिक्या माळ्याचा धीर सुटतो. वस्तुतः ती नरफुले असतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीपासूनच असते, आणि मधमाशा फिरकत नसतील तर नरफूल खुडून त्यातले पराग आपल्या हाताने तेथे लावावे. दुध्याची फुले संध्याकाळी उमलतात, तेव्हा हे काम दिवेलागणीला करावे.

किडीचा बंदोबस्त साधा आहे. मावा दिसताच पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. वांगी, मिरची आणि टोमॅटो एकाच कुळातली, एकमेकांचे रोग वारशाने घेणारी. त्यांना एकामागून एक त्याच जागी लावू नये, मध्ये घेवडा किंवा गवार घ्यावी, म्हणजे त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्रही मिळते. शेवगा घरापासून दूर असावा, कारण त्याची ठिसूळ फांदी वादळात कौलांवर कोसळते, आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे जे पथक जमते ते खिडकीजवळ कोणालाच नको असते.

गावठी वाणाचे सर्वांत सुडौल फळ बियांसाठी राखून ठेवावे, पण त्याला आठवणीने रंगीत दोरा बांधावा. एरवी भाजीला काही नाही असे म्हणत घरातलेच कोणीतरी ते कापून मोकळे होते. संकरित वाणाच्या बाबतीत हा खटाटोप करू नये, त्याचे बी पुढच्या पिढीत मूळ गुण राखत नाही, तेव्हा त्याची पुडी दरसाल नवीच आणावी.