पुढच्या वर्षीचा रुग्ण आज हेरणारे गणित

अमेरिकेत वर्षभरात औषधोपचारांवर जेवढा पैसा जातो, त्यातला जवळपास निम्मा अवघ्या ५ टक्के लोकांवर खर्च होतो. हे ५ टक्के लोक कोण, ते वर्ष सरल्यावर कोणताही कारकून सांगू शकतो. वर्ष उजाडण्याआधी ते सांगता यावे, यासाठी तिथे एक अख्खा व्यवसाय उभा आहे. सल्लागार मंडळी विमा कंपनीच्या जुन्या नोंदी घेतात आणि प्रत्येक विमाधारकाला एक आकडा लावून देतात. त्याला रिस्क स्कोअर म्हणतात. ज्याचा आकडा मोठा, त्याला कंपनीची नर्स फोन करते, गोळ्या वेळेवर घेतो का ते विचारते, डॉक्टरची वेळ ठरवून देते, प्रसंगी घरीही जाते.

नवल हे, की या गणिताने रुग्णाला कधी पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतात फक्त बिले. प्रत्येक बिलावर आजाराचा सांकेतिक क्रमांक असतो : टाइप २ मधुमेह म्हणजे ई११, उच्च रक्तदाब म्हणजे आय१०. औषधांच्या दुकानातले दावेही त्यात येतात. महिन्याला लागणारे इन्सुलिन दोन महिने घेतलेच नाही, मध्ये एकदा रात्री इमर्जन्सी विभागात जावे लागले, अशा तुकड्यांतून पुढचा धोका वर्तवला जातो. (आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात. ओपीडीची फी आणि रोजच्या गोळ्या खिशातून जातात, त्यामुळे असे तुकडे आपल्या विमा कंपन्यांच्या हाती फारसे लागत नाहीत.)

हे काम वाटते तेवढे सोपे नाही. कॅलिफोर्नियातल्या हेरिटेज प्रोव्हायडर नेटवर्कने २०११ मध्ये ३० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जुन्या दाव्यांवरून सांगायचे होते, की पुढच्या वर्षी कोण किती दिवस रुग्णालयात काढील. जगभरचे गणिती तुटून पडले, पण ठरवलेली अचूकता कोणालाच गाठता आली नाही. २०१३ मध्ये सर्वांत पुढे राहिलेल्या संघाला ५ लाख डॉलर देऊन स्पर्धा आवरली गेली.

पण खरी मेख अचूकतेत नाही. ती आहे गणिताला काय विचारले यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच एक प्रचलित सूत्र उलगडून दाखवले. एका मोठ्या रुग्णालयात सर्वांत वरच्या ३ टक्के स्कोअरच्या रुग्णांना हे सूत्र आपोआप विशेष देखभालीसाठी निवडत होते. त्यात वंशाचा रकानाच नव्हता. तरीही सारखाच स्कोअर असलेल्या गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्ण स्पष्टपणे जास्त आजारी निघाले. कारण साधे होते. सूत्र आजार वर्तवत नव्हते, खर्च वर्तवत होते. आजार तेवढेच असले तरी कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सुमारे १८०० डॉलर कमी खर्च होत होते, कारण उपचार त्यांच्यापर्यंत कमी पोचत होते. ज्याला आधीच कमी मिळाले, त्याला गणिताने पुन्हा निरोगी ठरवले. ही तफावत काढली असती, तर विशेष देखभालीसाठी आपोआप निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. सूत्र बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून संशोधकांनी खर्चाच्या जोडीला आजारही मोजायला लावले, तेव्हा हा पक्षपात ८४ टक्क्यांनी घटला.

समजा, योग्य माणूस सापडला. पुढे काय? न्यू जर्सीतल्या कॅम्डेन या गरीब शहरात जेफ्री ब्रेनर या फॅमिली डॉक्टरने बिलांचा नकाशा मांडला. त्यात केवळ दोन इमारतींमधल्या सुमारे ९०० जणांची साडेसहा वर्षांतली बिले २० कोटी डॉलरच्या घरात गेलेली दिसली. अशा लोकांमागे त्याने नर्स, समाजसेवक आणि आरोग्यसेवक लावले. काम गाजले. २०१३ मध्ये ब्रेनरला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

मग ब्रेनरच्या संस्थेने एक धाडस केले, आणि माझ्या मते या साऱ्या कथेत सर्वांत मोठे श्रेय त्याचेच आहे. तिने आपली परीक्षा करवून घेतली. अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाईन यांच्या गटाने ८०० रुग्ण घेतले आणि चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन भाग केले. एका भागाला ही देखभाल मिळाली, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. निकाल जानेवारी २०२० मध्ये आला. १८० दिवसांत पुन्हा दाखल झालेले : देखभालवाले ६२.३ टक्के, बाकीचे ६१.७ टक्के. फरक नाहीच.

देखभालवाल्यांचेच आधीचे आणि नंतरचे सहा महिने ताडून पाहिले, तर मात्र दाखल होणाऱ्यांची टक्केवारी ३८ने उतरलेली दिसत होती. तशीच घट दुसऱ्या गटातही होती. माणूस निवडला जातो तो त्याच्या सर्वांत वाईट काळात, आणि तो काळ पुष्कळदा आपोआपच सरतो. तेव्हा विमा कंपनीत किंवा सरकारी योजनेत तुमच्यापुढे कोणी सल्लागार ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने घेऊन आला, तर देखभाल न मिळालेल्यांचा तिसरा रकाना मागून घ्या.