मंडईचा दिवस

दीपावलीचे पर्व भाऊबीजेच्या ओवाळणीने संपते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात मात्र उत्सवाला खरा रंग त्यानंतरच चढतो. पणत्या विझल्या, फराळाचे डबे अर्धे रिते झाले, की झाडीपट्टीत मंडयांचा मोसम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग म्हणजे ही झाडीपट्टी. शेजारच्या बालाघाटात आणि छत्तीसगडात हाच उत्सव ‘मडई’ नावाने भरतो. प्रांतांच्या सीमा आखणाऱ्यांनी लोकाचारास विचारले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ!

मंडईचे मूळ गोधनाच्या पूजेत आहे, असे जाणती मंडळी सांगतात. बलिप्रतिपदेस येथे ‘गायगोधन’ म्हणतात. गुरांना न्हाऊ घालावयाचे, शिंगे रंगवावयाची, खिचडीचा घास भरवावयाचा. वर्षभर गावची गुरे राखणारे गोवारी बांधव या दिवशी मोरपिसांनी सजविलेली ढाल घेऊन वाजतगाजत निघतात. त्या दिवसाचा मान त्यांचा. मग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत गावोगावी मंडई भरते. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते; कष्टकऱ्यास मिळणारी उसंत ती एवढीच.

बाहेरच्या पाहुण्यास मंडई म्हणजे एक जत्रा वाटते. पण तिच्यातील खरी खुबी आहे ती दिवसांच्या वाटणीत. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस ठरलेला असतो आणि शेजारच्या गावाने तो दिवस घ्यावयाचा नाही, असा अलिखित संकेत आहे. आज या गावचे यजमान उद्या त्या गावचे पाहुणे होतात. माहेरी आलेल्या लेकी आणि जावई मंडई झाल्याखेरीज हलत नाहीत. मुलगा-मुलगी पाहण्याचे निम्मे काम याच गर्दीत उरकते. कोणतेही कार्यालय नाही, नोंदवही नाही, आणि तरी शेकडो गावांचे हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मुले-नातवंडांसह आमच्या पवनीस गेलो. शाळेच्या बाकावरचे दोन मित्रही बरोबर होते. एक नागपुरास स्थायिक झालेले, दुसरे भिलाईस उभी नोकरी करून निवृत्त झालेले. घाई कसलीच नव्हती. उमरेड-भिवापूरच्या वाटेने थांबत थांबत गेलो. भिवापुरास मिरची घेतल्यावाचून गाडी पुढे न्यावयाची नाही, हा घरच्या मंडळींचा शिरस्ता पाळणे भागच होते.

पवनी हे देवळांचे आणि घाटांचे गाव. सकाळी वैनगंगेच्या पायऱ्यांवर बसावे, मग पंचमुखी गणेशाचे दर्शन घ्यावे, हा येथील दिनक्रम. विदर्भाच्या अष्टविनायकांत या सर्वतोभद्र गणेशाची गणना होते. भंडाऱ्याजवळ मेंढ्याचा भृशुंड गणेशही त्याच मालिकेतला. एकाच जिल्ह्यात दोन विनायक असण्याचे भाग्य थोडके नाही. दुपारी नातवंडांना जगन्नाथ टेकडीकडे नेले. लहानपणी आमच्या लेखी ती नुसती टेकडी होती. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तेथे उत्खनन केले आणि मातीखालून बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहूनही जुना. ज्या गावाला आम्ही आडवळणाचे समजत होतो, तेथे त्या काळी दूरदूरचे उपासक येत होते!

भिलाईकर मित्रांचे मूळ गाव जवळचेच, पण ते आज जागेवर नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे पाणी अडले आणि काठची अनेक गावे उठली. मित्रांचे गावही नव्या वसाहतीत गेले. तेथे रस्ते सरळ आहेत, घरे ओळीत आहेत. जुन्या गावातील आखर, जेथे गुरे जमत आणि मंडई भरे, तो मात्र पाण्याखाली आहे. गाव हलले, पण मंडईचा दिवस हलला नाही. भोवतालच्या गावांनीही तो कोणी बळकावला नाही. मित्रांच्या घरून निरोप आला तो एवढाच : ‘मंडईले येजा जी.’ दिवस सांगण्याची गरजच नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुकाने मांडून झाली होती. फुटाणे, जिलबी, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी, आणि उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या ढिवर भगिनी. तलावांच्या या जिल्ह्यात शिंगाडा हाच मंडईचा मेवा. मैदानाच्या एका अंगास दंडार रंगली होती. ढोलकी-टाळांच्या साथीला स्त्रीवेष घेतलेले पुरुष नाचत होते. त्यांतील एक जण साठीच्या पुढचे होते. परंतु पदन्यासात ते वय कोठे दिसेना. मित्रांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या बोलीत डोळ्याचा ‘डोरा’ होतो आणि पाण्याचे ‘पानी’. चाळीस वर्षे भिलाईत काढूनही त्या दिवशी त्यांच्या तोंडून तीच बोली निघाली.

रात्री नाटक होते. वडसा येथील मंडळ्या या मोसमात गावोगाव फिरतात. पडदा उघडतो तो रात्री दहाच्या पुढे आणि खेळ संपतो तो पहाटे. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या रसिकांना तिचे नाव नव्याने कळले. झाडीपट्टीस मात्र ते नवे नव्हते.

नाटकापूर्वी मित्रांच्या अंगणात जेवणाच्या पंगतीत एक वाद निघाला. गावची तरणी पोरे नागपूर-पुण्याच्या कारखान्यांत आहेत. त्यांचे म्हणणे, मंडई रविवारी घ्या. आठवड्याच्या मधल्या दिवसाची रजा मिळत नाही, पगार कापला जातो. म्हाताऱ्यांनी मान हलविली. रविवार घेतला तर शेजारच्या एखाद्या गावच्या दिवसावर तो पडणार. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी आमचा दिवस राखला, आता त्यांच्या ताटातले ओढावयाचे काय? पोरांपैकी एकाने शांतपणे विचारले, ‘आम्हीच आलो नाही, तर दिवस राखून उपयोग काय?’ पंगतीत क्षणभर कोणी बोलले नाही.

आमचे मत विचाराल तर आम्ही म्हाताऱ्यांच्या बाजूचे. आखर गेला, देऊळ नव्याने बांधावे लागले. जुन्या गावातून जशीच्या तशी उचलून आणता आलेली ही एकच गोष्ट. तथापि त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि पाहुण्याने अशा वादात फार बोलू नये, हेही खरे. दसऱ्यापूर्वी बैठक घेऊन काय ते ठरवू, असे सांगून वडीलधाऱ्यांनी ताक मागविले. तिकडे मैदानावर पेटीचे सूर जुळू लागले होते. नातवंडांनी सतरंजी केव्हाच पुढच्या रांगेत नेऊन टाकली होती, आणि तो मुलगा त्यांच्यासाठी शिंगाडे सोलीत बसला होता.