विश्लेषण : ‘इंग्लिश कंट्री’ घरांची मोहिनी कशामुळे? फुलाफुलांच्या पडद्यांमागे थंडी, कर आणि भारतीय चीट!

फुलाफुलांचे जाड पडदे, बसून बसून दबलेले सोफे, कोपऱ्याकोपऱ्यात टेबल लॅम्प आणि एकमेकांशी न जुळणारे फर्निचर, हा ‘इंग्लिश कंट्री’ थाट. भिंतीवर उठावदार पट्ट्या, पण फर्निचर सरळ रेषांचे आणि रंग मोजके, ही ‘क्लासिक-कंटेम्पररी’ शैली. रील्समध्ये या दोन्हींतला फरक रंगांवर येऊन थांबतो. घर गरम कसे राखले जाते, हे पाहिले की तो जास्त नीट उलगडतो.

थंडीचा सजावटीशी काय संबंध?

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जमीनदारांची घरे म्हणजे उंच छत, दगडी फरशी आणि एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्या. ऊब फक्त शेकोटीची, आणि तिचीही बरीचशी उष्णता धुराड्यातून वर निघून जाते. म्हणून सोफे शेकोटीभोवती ओढलेले. पडद्याचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घोंगडीसारखा तिसरा थर शिवलेला. दगडी फरशीवर गालिचे. छत उंच असल्याने वरचा दिवा अपुरा, म्हणून खाली बरेच लॅम्प. सोफ्यांना सैल खोळी, कारण चिखलाच्या पायांचे कुत्रे घरभर फिरणार आणि खोळ काढून धुता येते. नुसतीच शोभा म्हणून आलेल्या वस्तू तशा कमीच.

ही शैली घडवली कोणी?

इथे गंमत आहे. पिढ्यान् पिढ्या आपोआप साचल्यासारखा दिसणारा हा थाट बऱ्याच अंशी लंडनच्या मेफेअर भागातील एका सजावट कंपनीने घडवला. सिबिल कोलफॅक्स यांच्या व्यवसायात जॉन फाउलर १९३८ मध्ये आले. १९४४ मध्ये कंपनी नॅन्सी लँकेस्टर यांच्या हाती गेली. या बाई मूळच्या अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या! नवे कापड नवे दिसू नये म्हणून ते उन्हापावसात ठेवणे किंवा चहाच्या पाण्यात बुडवणे, असे उद्योग त्यांच्या नावावर आहेत. फाउलर एकाच खोलीत पांढऱ्याच्या तीन छटा वापरत.

हे सगळे चालू असताना खरी घरे मात्र पडत होती. १८९४ पासून वारसांवर लागू झालेला मालमत्ता कर, दोन महायुद्धे आणि मिळेनासे झालेले नोकरचाकर यांमुळे मालकांना घरे परवडेनात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४ मध्ये यावर प्रदर्शन भरवले, तेव्हा विसाव्या शतकात पाडलेल्या अशा घरांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. वाचलेल्या अनेक घरांसाठी फाउलर यांनी नॅशनल ट्रस्टला सल्ला दिला. त्यांनी इतिहासापेक्षा स्वतःची आवडच तिथे उतरवली, अशी टीका पुढे अभ्यासकांनी केली. ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

फुलांचे कापड कुठून आले?

आपल्याकडून. इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हा शब्द हिंदी ‘छींट’वरून आला, मराठीतले जुने ‘चीट’ त्याच घराण्यातले. मछलीपट्टणमच्या किनारपट्टीवरचे कारागीर तुरटीच्या साह्याने सुती कापडावर रंग असा पक्का बसवत की धुतला तरी जात नसे. युरोपला हे तंत्र तेव्हा नीट जमत नव्हते. मागणी एवढी वाढली की लोकर आणि रेशीम विणकर खवळले. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर असे कपडे घातलेल्या स्त्रियांवर हल्ले झाले. संसदेने १७०० मध्ये आयात कापडाच्या वापरावर बंदी घातली आणि १७२० च्या कायद्याने ती आणखी कडक केली. १७७४ मध्ये सूट मिळाली तीही ब्रिटनमध्ये विणलेल्या आणि छापलेल्या सुती कापडाला. आज ‘अस्सल इंग्लिश’ म्हणून विकली जाणारी फुले या वाटेने तिथे पोहोचली.

मग क्लासिक-कंटेम्पररी कधी आली?

१९६० च्या दशकात डेव्हिड हिक्स यांनी जुन्या फर्निचरशेजारी भौमितिक नक्षीचे गालिचे आणि आधुनिक वस्तू मांडल्या. सेंट्रल हीटिंग ब्रिटनमध्ये सर्वसामान्य झाले ते १९७० नंतर. खोली सगळीकडे सारखी गरम झाल्यावर जाड पडद्यांची आणि शेकोटीभोवती दाटी करण्याची गरज उरली नाही. १९९६ मध्ये आयकियाने तर ब्रिटिशांना चिंट्झ फेकून द्या, असे सांगणारी जाहिरातच केली.

राहिली ती भिंतींची प्रमाणे. ग्रीक-रोमन खांबाला बैठक, दांडा आणि माथा असतो, तशीच भिंतीची विभागणी होते. खालचा कंबरेएवढा पट्टा, मधली मोकळी भिंत, वर छतालगतची कॉर्निस.

आपल्या फ्लॅटमध्ये जमेल?

पट्ट्या जमतील, पण छत नऊ-साडेनऊ फुटांचे असेल तर जाड कॉर्निसमुळे खोली बुटकी दिसते; बारीकच घ्यावी. प्लास्टर ओळंब्यात नसेल तर सरळ पट्टी ते लगेच दाखवून देते, त्यामुळे सुताराआधी गवंड्याला बोलवा. तीन थरांचे पडदे मात्र मुंबई-कोकणच्या हवेत ओल आणि बुरशी धरतात. फुलेच हवी असतील, तर एकेरी सुती चीट पुरे. पावसाळ्यातही ते लवकर वाळते.