थरथर हवी, पण काही सांगणारी

व्हिडिओ गेम खेळताना हातातलं यंत्र थरथरतं, त्याने खेळाची गोडी वाढते का? बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशसारख्या गावातून हा प्रश्न विचारायचा, तर तो मोबाइलपासूनच सुरू करावा लागतो. ‘प्लेस्टेशन ५’ हे सोनीचं गेमयंत्र फेब्रुवारी 2021मध्ये भारतात आलं तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती. पावसावर भिस्त असलेल्या घरात एवढे पैसे खेळण्यावर कोण घालणार? त्यामुळे भालचंद्र गणपतीच्या या गावातल्या पोरांसाठी गेम म्हणजे खिशातला फोन, आणि थरथर म्हणजे त्या फोनची गुरगुर. ती गुरगुर ऐकून-अनुभवून ‘हे कंपन म्हणजे नुसतं फॅड’ असं कुणी म्हटलं, तर त्याला दोष देता येत नाही. तरीही ते मत अर्धवट आहे. कंपनाने खेळ खरोखर रंगतो. अट एवढीच की त्या कंपनाने खेळणाऱ्याला काहीतरी सांगितलं पाहिजे.

आधी शरीराचं पाहू. तळहाताच्या कातडीत खोलवर कंपन ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. सेकंदाला साधारण अडीचशे वेळा होणारी थरथर त्यांना सगळ्यात चटकन जाणवते. डोळ्यांना दिसलेल्या खुणेपेक्षा हाताला झालेल्या स्पर्शावर माणूस किंचित लवकर हालचाल करतो, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. गेममध्ये तर डोळ्यांवरच सगळा भार असतो. कोपऱ्यातला नकाशा, उरलेल्या गोळ्या, समोरचा शत्रू, सगळं एकाच पडद्यावर. अशा वेळी गोळी लागल्याची बातमी हाताने दिली, तर डोळे आपलं काम करायला मोकळे राहतात. मिरवणुकीत हलगी कडाडली की ती कानाआधी छातीत वाजते, आणि म्हणूनच फोनवर पाहिलेली मिरवणूक फिकी वाटते. गेममधल्या कंपनाची मागणीही तिथूनच येते.

ही मागणी आजची नाही. सेगा कंपनीने 1976मध्येच मोटरसायकलचा एक गेम काढला होता. त्यात समोरच्या गाडीला धडक बसली की खेळणाऱ्याच्या हातातलं हँडल हादरायचं. घरोघरी हा अनुभव पोचला 1997मध्ये. निन्टेन्डोने ‘स्टार फॉक्स ६४’बरोबर कंट्रोलरला जोडायचं, दोन छोट्या बॅटऱ्यांवर चालणारं रंबल पॅक आणलं आणि त्याच वर्षी सोनीचा थरथरणारा कंट्रोलर, ड्युअलशॉक, आला. पुढे जे घडलं ते तर आपल्या प्रश्नाची जणू परीक्षाच होती. इमर्शन या अमेरिकी कंपनीने कंपनाच्या पेटंटवरून 2002मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली, सोनी लढत राहिली. 2006मध्ये प्लेस्टेशन ३ बाजारात आला तो थरथर नसलेला कंट्रोलर घेऊन. कंट्रोलर कलता केल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरला मोटरचा अडथळा होतो, असं कारण तेव्हा देण्यात आलं. मार्च 2007मध्ये तडजोड झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ड्युअलशॉक ३ आला. त्यात तो सेन्सरही होता आणि थरथरही. अडथळ्याचं कारण तिथेच निकालात निघालं. लोकांना कंपन नकोसं झालं असतं, तर कंपनीने ते परत आणण्याचा खटाटोप केलाच नसता.

यावर कुणी म्हणेल, ही नुसती सवय. सवयीची वस्तू काढून घेतली की माणूस कुरकुरतोच. या आक्षेपात दम आहे. त्याचं उत्तर कंट्रोलरच्या पोटात शिरल्यावर सापडतं. जुन्या कंट्रोलरच्या दोन मुठींत दोन मोटरी असतात. प्रत्येकीच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन बसवलेलं असतं, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकं. मोटर फिरली की ते वजन तोल बिघडवतं आणि मूठ हादरते. पण मोटरला वेग घ्यायला आणि थांबायला क्षणभर लागतो, शिवाय जोर वाढवायचा तर वेगही वाढतोच. त्यामुळे बंदुकीची गोळी, गाडीची धडक, दाराचा धक्का, सगळ्यांचा हादरा साधारण एकाच जातीचा लागतो. स्वस्त मोबाइलमध्येही बहुधा अशीच, पण चिमुकली मोटर असते. 2017च्या निन्टेन्डो स्विचमध्ये आणि प्लेस्टेशन ५च्या 2020मधल्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याने पुढेमागे हलणारं वजन आलं. ते झटकन सुरू होतं, झटकन थांबतं. स्विचवरच्या एका खेळात हातातला कंट्रोलर हलवून, आत नसलेल्या गोट्या किती आहेत ते ओळखायचं असतं. ‘रिटर्नल’ या गेममध्ये पावसाचे थेंब तळव्यावर पडल्यासारखे वाटतात. इथे सवयीचा मुद्दा मागे पडतो, कारण ही थरथर काढली तर गोट्यांचा खेळ उरतच नाही.

स्पर्धेत उतरणारे अनेक खेळाडू कंपन बंद ठेवतात, हा दुसरा आक्षेप. ते बरोबरच करतात. नेम धरताना हात हलला की गोळी चुकते आणि तिथे अनुभवापेक्षा निकाल महत्त्वाचा असतो. पण त्यांच्या गरजेवरून घरी विरंगुळा म्हणून खेळणाऱ्याला नियम लावू नये. तिसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो जास्त गंभीर आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2002 साली एका पंधरा वर्षांच्या मुलाची नोंद छापून आली. थरथरणारा कंट्रोलर घेऊन तो दिवसाला सात-सात तास खेळायचा. गारठ्यात त्याचे हात पांढरे पडून सुजायचे आणि ऊब मिळाली की लाल होऊन दुखायचे. वर्षानुवर्षं हादरणारी अवजारं चालवणाऱ्या कामगारांना होतो तसा हा त्रास होता. एका मुलावरून नियम निघत नाही, पण तासन्‌तास खेळणाऱ्या पोराची थरथर तरी बंद करायला आईबापांना एवढं कारण पुरे आहे.

कंपन नुसतं चैनीचं नाही, याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र 2022च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’मध्ये आहे. त्यात पात्रांचे संवाद कंट्रोलरच्या कंपनात उतरवण्याची सोय दिली आहे. ज्याला ऐकू येत नाही, त्याला वाक्यातला जोर कुठे आहे, आवाज कुठे चढला हे हाताला कळतं. अक्षरं वाचून जे निसटतं, ते इथे पोचतं. एखाद्या माणसासाठी खेळाचं दारच उघडत असेल, तर त्या गोष्टीला फॅड कसं म्हणायचं?

प्रश्न उरतो तो लिंबागणेशच्या फोनचा. ‘राजी’ हा गेम बनवणारे नॉडिंग हेड्स आणि ऑक्टोबर 2024मध्ये ‘इंडस’ हा मोबाइल गेम आणणारे सुपरगेमिंग, दोघेही पुण्याचे, म्हणजे गेम आता महाराष्ट्रातही बनतात. मोबाइलसाठी गेम बनवणाऱ्यांनी आठ-दहा हजारांच्या फोनमधली मोटर डोळ्यांसमोर ठेवावी. तिच्याकडून पावसाचा थेंब होणार नाही, पण एक छोटा ठोका आणि दोन छोटे ठोके यांतला फरक ती दाखवू शकते. मागून गोळी लागली तर एक, गोळ्या संपत आल्या तर दोन, बाकी वेळ गप्प. सेटिंगमध्ये प्रत्येक इशाऱ्याला स्वतंत्र बटण द्यायला महागडं यंत्र लागत नाही. तोवर ज्याच्या फोनमध्ये प्रत्येक टिचकीला सारखीच गुरगुर होते, त्याने ती बेलाशक बंद करावी. त्याची बॅटरी वाचेल आणि खेळात उणं काहीच पडणार नाही.