गोठ्यांतील दर्प व खताचें नुकसान

गोठ्यांत पहांटे जो डोळ्यांस झोंबणारा दर्प येतो, तो जनावरांचा स्वाभाविक वास अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ताज्या मूत्रांतील नत्राचा मोठा भाग युरिया या वासरहित पदार्थांत असतो. शेणांतील जंतूंजवळ युरिएज नांवाचें द्रव्य असतें. शेण व मूत्र एकत्र होतांच त्याच्या योगें कांहीं तासांतच युरियाचा अमोनिया बनून तो हवेंत उडूं लागतो. विकतच्या युरियांतील शेंकडा ४६ भाग नत्रासाठीं आपण पैसे मोजतों. तेंच नत्र गोठ्यांतून फुकट जातें, आणि हें नुकसान कोणत्याहि वहींत नोंदलें जात नाहीं.

शेण पाण्यांत बुडून हवेवांचून कुजूं लागलें, तर निराळे जंतु त्यापासून उग्र वासाचीं आम्लें व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु उत्पन्न करितात. हा वायु हवेहून जड असून, फार साचल्यास नाक बधिर करितो. यास्तव वास येईनासा झाला म्हणून बंद खड्ड्यांत कोणीहि उतरूं नये.

उपाय सोपा आहे. जनावरांखालीं कोरडी माती व काडीकचरा पसरावा, भिजलेली माती रोज उचलून उकिरड्यांत घालावी व वर मातीचा थर द्यावा. दर्प जितका कमी, तितकें खत कसदार.